दहावे अंथरूण

सह्याद्रीच्या एका घाटात तीन गुहा होत्या : वरची, मधली आणि खालची. तिन्ही गुहांत आजारी जनावरांवर उपचार होत आणि तिन्हींचा कारभार एक रानबोका पाहत असे. तो बसे मधल्या गुहेत. हुकूम मात्र त्याचा तिन्ही ठिकाणी चाले.

या गुहा एका म्हाताऱ्या गव्याने मरताना जंगलाला देऊन टाकल्या होत्या. देताना त्याने दोन अटी घातल्या. ज्याला जमेल त्याने येताना चारा, फळे, मध, जे असेल ते आणावे. पण उरलेले कोणी घरी नेऊ नये, ते पुढच्या आजाऱ्यासाठी गुहेतच राहावे. ही पहिली अट. प्रत्येक गुहेत गवताची दहा अंथरुणे असावीत आणि दहावे अंथरूण रिकाम्या हाताने येणाऱ्याचे असावे, ही दुसरी. कारभारावर पाच विश्वस्त होते आणि विश्वस्तांवर जंगलाची पंचायत. पंचायतीची तपासणीस होती घोरपड. दर मार्गशीर्षात पंचमीला ती येई, गुहा पाही आणि झाडाच्या सालीवर शेरा लिहून दाराला टांगून जाई. शेरा फार वाईट पडला, तर परवाना जाई आणि गुहा बंद होत.

रानबोका लबाड नव्हता. हे आधीच सांगितलेले बरे, कारण गोष्टीतला कारभारी लबाडच निघणार, अशी मुलांची समजूत असते. त्याने कधी मधाचा थेंब घरी नेला नाही. दर चौथ्या दिवशी तो जुने गवत काढून नवे घाली. स्वतःचे पंजे चाटून पुसल्याशिवाय तो आजाऱ्याजवळ जात नसे. त्याला भीती एकाच गोष्टीची होती, ती शेऱ्याची.

त्याचे असे झाले होते. तो कारभारावर नवा असताना दहाव्या अंथरुणावर एक धष्टपुष्ट रानडुक्कर सापडले. त्याच्या घरी कंदांची रास होती आणि आजार होता जास्त खाण्याचा. घोरपडीने शेरा मारला : 'दहाव्या अंथरुणावर भलताच झोपलेला आढळला.' विश्वस्तांनी रानबोक्याला भर बैठकीत उभे केले आणि सर्वांदेखत तो शेरा दोनदा वाचला. घरी येताना त्याने मनाशी ठरवून टाकले, की यापुढे दहाव्या अंथरुणावर कोणाला झोपवायचेच नाही. कोणी नसलेच, तर भलता सापडेल कसा? तसा हुकूम तिन्ही गुहांत गेला. रिकाम्या हाताने येणाऱ्याला आज नाही, मग बघू, असे सांगून वाटेला लावण्यात येऊ लागले. पुढच्या वर्षी शेरा आला, 'उत्तम'. त्याच्या पुढच्या वर्षीही 'उत्तम'. अशा नऊ साली दाराला ओळीने टांगलेल्या होत्या. वारा आला की त्या वाजत, आणि रानबोक्याला तो आवाज फार आवडे.

दहाव्या वर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी एक पिसोरी लंगडत दाराशी आली. पिसोरी म्हणजे सशाएवढे इवलेसे हरीण. दगडाच्या फटीत अडकून तिचा मागचा पाय मोडला होता. खालच्या गुहेने तिला वर पाठवले होते आणि तो सगळा चढ ती तीन पायांवर चढून आली होती.

"काय आणलंस?" रानबोक्याने विचारले.

"मोडका पाय आणलाय. दुसरं काही नाही."

"उद्या तपासणी आहे. घोरपड येऊन गेली की लगेच घेतो तुला. तोवर त्या करवंदीच्या जाळीत बस."

"खालच्यांनीपण आज नाही, मग बघू, असंच सांगितलं."

"बरोबर सांगितलं. माझाच हुकूम आहे."

गुहेत एक म्हातारी वानरी होती. मोडलेली हाडे बसवून पट्ट्या बांधण्याचे काम तिचे. ती हात पुसत बाहेर आली.

"कारभारी, आत एक अंथरूण पडून आहे की!"

"पडून नाही. राखीव आहे."

"कोणासाठी?"

"तपासणीसाठी," रानबोका म्हणाला, आणि आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानातही आले नाही. "हे बघ, वानरीबाई. हिला झोपवलं आणि उद्या ही निघाली भलतीच कोणी, तर परवाना जाईल. तीन गुहांत मिळून सत्तावीस आजारी आहेत. त्यांना काय तू जाळीत झोपवणार?"

वानरी आत वळली. तिने बांबूच्या दोन कांबी घेतल्या, जाळीत जाऊन पिसोरीचा पाय बांधला आणि ती परत कामाला लागली. जाळीखालची माती ओली होती. तिथे जखम सुकणार कशी?

पंचमी उजाडली आणि आभाळ भरून आले. घोरपडीचे अंग उन्हाशिवाय हलत नाही. ती तिकडे आपल्या दगडाखाली थिजून बसली. दुसऱ्या दिवशीही ऊन नव्हते. रानबोका दोन्ही सकाळी दहाव्या अंथरुणाचे गवत सारखे करून आला.

तिसऱ्या सकाळी वानरी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"घोरपडीला ऊन मिळेना आणि हिला छप्पर मिळेना. छान चाललाय कारभार! पाय सुजून काळा पडलाय, कारभारी. जाऊन तरी बघा."

रानबोका गेला. पिसोरी डोळे मिटून पडली होती. त्याने तिच्या कपाळाला नाक लावले आणि चटका बसल्यासारखे मागे घेतले. तो परत दहाव्या अंथरुणापाशी आला. एक काडी वाकडी झाली होती ती त्याने सरळ केली.

"आजचा दिवस," तो म्हणाला. "आज ऊन पडेल."

दुपारी ऊन पडले आणि घोरपड आली. तिने नेहमीप्रमाणे दारातूनच मान फिरवत अंथरुणे मोजली. "दहा. छान," असे म्हणून ती साल हातात घेणार, एवढ्यात तिला हुडहुडी भरली. तीन दिवसांची थंडी अंगात मुरलेली होती. "जरा अंग टेकते," म्हणत ती आत शिरली आणि सरळ दहाव्या अंथरुणावर जाऊन पडली.

घोरपड जिभेने वास घेते. सवयीप्रमाणे तिची दुभंगलेली जीभ गवतावरून फिरली आणि थबकली.

"काय रे, या जागेला कोणाच्या अंगाचा वासच नाही. इथे शेवटी कोण झोपलं होतं?"

"कोणीच नाही," रानबोका ताठ उभा राहून म्हणाला. "नऊ वर्षांत एकदाही नाही."

घोरपड उठून बसली. पुन्हा जीभ बाहेर आली. या वेळी बाहेरून पुवाचा वास आला. ती त्या वासाच्या मागावर जाळीपर्यंत गेली. रानबोका मागोमाग गेला.

"ही कोण?"

"पिसोरी आहे. रिकाम्या हाताने आलीय."

"मग हिचं अंथरूण कुठं आहे?"

मांजर पिल्लाला उचलते तसे रानबोक्याने पिसोरीला मानेला धरून अलगद उचलले, आत नेले आणि दहाव्या अंथरुणावर ठेवले. वानरी पाणी घेऊन उभीच होती.

पिसोरी वाचली. पाय वाचला नाही.

"शेरा लिहा," रानबोका घोरपडीला म्हणाला. "माझं नाव घालून लिहा."

"तुझ्या आधी माझं घालते," घोरपड म्हणाली. तिने लिहिले : 'दहावे अंथरूण नऊ वर्षे रिकामे राहिले. तपासणिसाने ते दारातून मोजले, कारभाऱ्याने ते रिकामे ठेवले, विश्वस्तांनी उत्तम ऐकून माना डोलावल्या.' आत आजारी होते म्हणून गुहा बंद झाल्या नाहीत. पण हा शेरा काढायचा नाही, असे पंचायतीने ठरवले, आणि दाराला आता तेवढी एकच साल टांगलेली असते. 'उत्तम'च्या नऊ साली रानबोक्याने स्वतः उतरवल्या. वानरीने त्यांच्या पट्ट्या काढल्या आणि हाडे बांधायला वापरल्या.

तेव्हापासून घोरपड तिथी कळवून येत नाही. ऊन असेल त्या कोणत्याही दिवशी येते आणि गुहेत शिरण्याआधी भोवतीच्या जाळ्या हुंगते. तिन्ही गुहांतल्या दहाव्या अंथरुणांचे गवत आता वरचेवर बदलावे लागते.

महिन्याने पिसोरी जायला निघाली. रानबोका तिला दारापर्यंत पोचवायला आला.

"पुन्हा कधी काही दुखलं-खुपलं, तर लगेच ये," तो म्हणाला.

"येईन," पिसोरी म्हणाली. "पण आता तीन पायांवर यायचं. जरा उशीर होईल."

तात्पर्य : नियम ज्याच्यासाठी केला त्यालाच बाहेर बसवले, तर नियम पाळला असे होत नाही, आणि तपासणाऱ्याने आत काय मांडले आहे हे मोजण्याआधी बाहेर कोण थांबले आहे ते पाहावे.