राजा गटारात उतरला

एका नगरात हंबीरराव नावाचा राजा होता, आणि त्या नगराला धड एक गटार नव्हतं. बाकी सगळं होतं बरं का! कमानी होत्या, कारंजी होती, हत्तींना डुंबायला वेगळा तलावसुद्धा होता. पण राजवाड्याचं आणि पेठेचं सांडपाणी उघड्या चरांतून वाहत खालच्या रंगारआळीत यायचं आणि तिथेच तुंबायचं. दर पावसाळ्यात ते घराघरांत शिरायचं. मग पटकीची साथ यायची आणि आळीतली लेकरं दगावायची.

आता तुम्ही म्हणाल, खजिना भरलेला असताना गटार का नाही बांधलं? तर आडवी येत होती एक रीत. राजाच्या पणजोबांच्या काळी नवाकोरा पूल कोसळून माणसं मेली होती. तेव्हापासून ठरलं, की खजिन्यातून जे काही बांधायचं, ते सगळ्यांआधी राजानं स्वतः वापरायचं. पुलावरून आधी राजा चालणार, विहिरीचं पहिलं पाणी राजा पिणार. तसा शब्द त्यानं भर दरबारात दिला, तरच खजिन्याचं कुलूप निघायचं. रीत उत्तमच होती. पण गटारातून आधी कोण चालणार? तीन पिढ्या गटाराचा विषय निघाला, की राजेसाहेब नाकाला रुमाल लावायचे आणि आणखी एक कमान मंजूर करायचे.

एके दिवशी राहीबाई नावाची रंगारीण दरबारात आली. मागच्या दोन पावसाळ्यांत तिची दोन नातवंडं गेली होती. तिसरं, आठ महिन्यांचं, तिच्या कडेवर होतं.

"महाराज, एवढं एक तरी मला राहू द्या," ती म्हणाली. "आळीखालून भुयारी गटार बांधून द्या."

दिवाण त्र्यंबकपंत लगबगीनं पुढे झाले. "काय बोलतेस, बाई! महाराजांनी गटारात उतरायचं? शेजारचे राजे हसतील! फार तर महाराजांचे जोडे आतून फिरवून आणू. जोडे म्हणजे महाराजच की!"

"जोड्यांना पटकी होत नाही, दिवाणजी," राहीबाई म्हणाली.

त्या वर्षी खजिन्यातून राजाच्या नावाचा नऊ मजली मनोरा उभा राहायचा होता. नकाशा समोरच पसरलेला होता. राजानं नकाशाकडे पाहिलं, मग त्या बाळाकडे पाहिलं. खरं सांगायचं तर त्याला लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती.

"मनोरा राहू द्या," तो म्हणाला. "गटार बांधा. आधी मी चालेन. हा माझा शब्द."

झालं! खजिना उघडला. राजा स्वतः आतून जाणार म्हटल्यावर कच्ची वीट लावायची कोणा गवंड्याची छाती होईल? वर्षभरात राजवाड्यापासून रंगारआळीखालून थेट गावाबाहेरच्या पडीक रानापर्यंत भुयार तयार झालं.

ठरल्या दिवशी राजानं मुकुट काढून ठेवला, धोतर वर खोचलं आणि मशाल आणि काठी घेऊन तो खाली उतरला. आत कमरेत वाकल्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. उतार बघायला आदल्या दिवशी चरांचं पाणी सोडलं होतं, त्याचा चिखल घोट्याएवढा होता. वासाचं तर विचारूच नका! वर रस्त्यावरून सगळं नगर त्याच्याबरोबर चालत होतं. एकेका आळीच्या झाकणाखाली आला, की राजा काठी आपटायचा, आणि वरून लोक ओरडायचे, "आले, आले! महाराज आमच्या आळीत आले!" रंगारआळीत आजवर कुठला राजा फिरकला नव्हता. हा आला, तोही जमिनीखालून.

शेवटी भुयाराच्या पलीकडच्या तोंडातून राजा रानात बाहेर पडला. नखशिखांत चिखल! दिवाणजी गुलाबपाणी घेऊन धावले, पण लोकांनी त्याआधीच राजाला तसंच माखलेल्या अंगानं खांद्यावर उचललं. ढोल घुमले. रंगाऱ्यांनी घरात होते नव्हते तेवढे रंग उधळले. जयजयकारानं रान दणाणून गेलं. शेजारचे राजे हसले म्हणे. हसोत बापडे!

पुढे श्रावणात सात दिवस झड लागली. राहीबाई नातवाला छातीशी धरून उंबऱ्यात बसून राहिली. पाणी कधी घरात शिरतं, याच धास्तीत होती ती. पाणी आलंच नाही. ते जमिनीखालून खळाळत रानाकडे निघून गेलं.

पावसाळा सरला. आळीतल्या बायका दारोदार फिरून पोरं मोजू लागल्या. मोजता मोजता राहीबाईला हसू फुटलं, हसता हसता रडू फुटलं. सगळी होती. अगदी एकूण एक!

तात्पर्य: लोकांचा पैसा आधी लोकांचे जीव वाचवणाऱ्या कामाला लावावा, आणि ते काम कितीही हलकं वाटलं तरी मोठ्या माणसानं त्यात स्वतः पहिलं उतरावं.