घाटातले भालेकरी

हिशेब चोख हवा हे आम्हा दुकानदारांना कोणी सांगायला नको; पण मापच चुकीचे घेतले तर? एका गरीब संस्थानाच्या दिवाणांनी फर्मान काढले, "जितके रोगी तपासाल, तितकेच दवाखान्याला अनुदान!" आणि स्वतः पालखीत बसून, भालेकऱ्यांच्या पहाऱ्यात तपासणीला निघाले.

शिवरघळीच्या दवाखान्याची ओसरी रिकामी दिसताच ते कडाडले, "वैद्यबुवा, रोगी कुठेत? आजच कुलूप लावा!"

कुलूप लागले तर काय होईल, हे निळोबा वैद्य जाणून होते. दुसरा दवाखाना घाटापलीकडे. साथ आली तर माणसे वाटेतच दगावणार. ते दरवर्षी स्वतः उभे राहून विहीर उपसून घेत, घरोघरी पाणी उकळायला लावत. ओसरी रिकामी होती ती त्यामुळेच.

ते हात जोडून म्हणाले, "लावतो, सरकार. पण तुमचे भालेकरीही इथेच सोडून जा. वर्षभरात त्यांनी एकही दरोडेखोर धरलेला नाही."

दिवाणांनी अंधारत चाललेल्या घाटाकडे पाहिले. "वेड लागलंय का? यांना बघूनच दरोडेखोर फिरकत नाहीत!"

"आमच्याकडे पटकीची साथ फिरकत नाही, ती अशीच, सरकार."

 दिवाणांनी सोबत आणलेले कुलूप उचलून परत पालखीत टाकले. अनुदान चालू राहिले. घाट उतरेपर्यंत भालेकऱ्यांना मात्र पालखीला अगदी खेटून चालावे लागले.