छर्रा केवढा असतो?

"उस्ताद, क्लचचा छर्रा केवढा असतो?"

अभिनंदननं हे चौथ्यांदा विचारलं. हसन उस्ताद उंबऱ्याबाहेर चपला काढत होते. आधी डावी काढली. मग उजवी. मग दोन्ही जोडीनं नीट लावून ठेवल्या.

त्रिशलाला वाटलं, त्या चपला उचलून लांब भिरकावून द्याव्यात. तिच्या कडेवर दहा महिन्यांचा सनू होता, खांद्याला पिशवी, पिशवीत दोन दुपटी, पाण्याची बाटली आणि दवाखान्याची फाईल. बाहेर रिक्षा येऊन उभी होती.

"चाचा, लवकर सांगा. डॉक्टर पहिलं तेच विचारतील, लोखंडाची गोळी केवढी म्हणून."

"कुणी गिळला?"

"सनूनं."

उस्तादांनी सनूकडं बघितलं. सनूनं उस्तादांच्या दाढीकडं बघितलं आणि हात पुढं केला.

"गिळताना बघितलं कुणी?"

"बघितलं असतं तर गिळू दिला असता का?"

उस्ताद "हं" म्हणाले आणि त्यांनी पाणी मागितलं…

हसन शिकलगार म्हणजे आष्ट्यातले जुने मेस्त्री. चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करून आता घरी बसलेले. त्रिशलाचे सासरे आदगोंडाअण्णा त्यांचे दोस्त. अण्णा गेले तेव्हापासून त्यांची मोटारसायकल पाच वर्षं परड्यात पोत्याखाली उभी होती. दिवाळीत त्यांच्या मुलाच्या, अभिनंदनच्या मनात आलं, ही आपण स्वतः खोलायची, स्वतः जोडायची, आणि अशी करायची की गावानं वळून बघावं.

तो उस्तादांकडं शिकायला गेला. उस्ताद म्हणाले, "एक महिना नुसतं पुसायला ये." तो चार दिवस गेला. पाचव्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "पुसण्यात काय शिकायचंय? पुसायला तर आमच्या हिलापण येतंय." आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून सोप्यातच इंजिन खोलायला बसला.

तेव्हापासून त्रिशलाच्या संसाराचा ताळ कुठं राहिला नव्हता. इडलीपात्राच्या वाट्यांत मापामापाचे स्क्रू. श्रीखंडाच्या डब्यात रॉकेल, रॉकेलात कार्बुरेटर. परातीत नट. सहा महिने घरात इडली नाही. सनू रांगायला लागला तसं तिनं फ्रीजवरचं लोहचुंबक केरसुणीला बांधलं. दिवसातून तीनदा केर काढायची, वर गुडघ्यावर बसून फरशी हातानं चाचपायची. कॉटखाली. दाराच्या फटीत. एवढं करून आज सकाळी अभिनंदन यादी घेऊन बसला, एकेका नगासमोर खूण करत गेला आणि शेवटी म्हणाला, "सगळं बसलंय गाडीत. फक्त एक छर्रा नाही. आणि घरातपण कुठं नाही."

घरातल्या वस्तू घरात नसल्या की कुठं असतात, हे त्रिशलाला माहीत होतं. परवा दिवशीच सनूच्या तोंडातून तिनं दिवाळीतल्या जुन्या आकाशकंदिलाचा दोरा ओढून काढला होता. एक वीत.

उस्ताद पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला. मग गाडीभोवती एक फेरी मारली.

"हँडल उंच केलंस."

"हो. त्याला लांब केबल लागली. सांगलीतनं आणली." अभिनंदनच्या आवाजात एवढ्या गडबडीतही जरा ऐट आली.

"टाकी काळी केलीस."

"मॅट आहे ती, उस्ताद. चमकत नाही."

"ते दिसतंय. आणि मागची सीट?"

"कापली. सिंगल केली. आता तसंच चालतंय."

"सूनबाई कुठं बसणार?"

अभिनंदन हातातल्या यादीत बघायला लागला.

"आणि पोरगं?"

"चाचा," त्रिशला म्हणाली, "पोराच्या पोटात लोखंड आहे. सीटचं नंतर बघू."

"बघू की." उस्ताद गाडीजवळ खाली बसले. गुडघे कटकन वाजले. "सुरू करून बघितलीस?"

"नाही. स्टिकर यायचेत अजून. सगळं लावून मगच किक मारायची असं ठरवलंय."

"क्लच दाबून बघितलास?"

"उस्ताद, आत छर्राच नाही. दाबून काय करू?" तो जरा हसला. मेस्त्री म्हातारे झाले, असं काहीसं त्या हसण्यात होतं. "खोलताना मी स्वतः खोललंय. शेवटच्या वॉशरपर्यंत. या गाडीत असं काही नाही जे माझ्या हातातनं गेलं नाही."

"छर्रा हातातनं गेला?"

"गेलाच असेल."

"रंग कसा होता?"

"…छर्ऱ्यासारखा."

"गरम होता की गार?"

"उस्ताद, छर्रा आहे तो."

बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. त्रिशला दाराकडं वळली. तिला आता कुणाचं ऐकायचं नव्हतं. केवढा का असेना, पोटाचा फोटो काढला की दिसेल. तिच्या डोळ्यांसमोर तो फोटो आधीच उभा होता. काळ्या कागदावर बारीक बारीक बरगड्या, आणि त्यांच्या खाली पांढरा गोल ठिपका.

"सूनबाई, एक मिनिट. जाताना एवढं दाबून जा."

"काय?"

"हँडलचा दांडा. डावीकडचा."

"मी?"

"तूच. त्याचा हात यादीत गुंतलाय."

अभिनंदनच्या हातात खरंच अजून यादी होती. त्यानं ती खिशात घातली.

त्रिशलाला राग आला. पण सासरे असते तर त्यांनाही ती नाही म्हणाली नसती. सनूला उजव्या कडेवर घेतलं, हात वर केला, कारण हँडल फारच उंच केलं होतं, आणि दांडा धरून दाबला.

उस्तादांनी इंजिनाच्या बाजूला तळहात टेकवला. पोराचा ताप बघतात तसा.

"परत दाब."

तिनं परत दाबला.

"हलका आहे?"

"कुठला हलका? बोटं दुखली. विहिरीतनं घागर ओढल्यागत आहे."

उस्तादांनी तळहात काढला आणि धोतराला पुसला.

"हात जड, तर पोट हलकं. रिक्षा परत पाठव."

त्रिशला तशीच उभी राहिली. अभिनंदन तिच्याकडं, मग उस्तादांकडं, मग दांड्याकडं बघायला लागला.

"सूनबाई, दांडा दाबला की केबल ओढली जाते. केबल आत एक सळई ढकलते. सळईच्या टोकाला छर्रा असतो. छर्रा नसता तर हा दांडा गाईच्या कानागत लोंबत राहिला असता. घट्ट लागतोय, म्हणजे तो आत आहे. आपल्या जागी."

त्रिशलानं दांडा परत दाबला. घट्ट. परत दाबला. घट्ट. मग ती पिशवीसकट खाली फरशीवर बसली आणि सनूच्या पोटावर तोंड लपवून रडली. सनूला गुदगुल्या झाल्या. तो खिदळायला लागला. त्याच्या हसण्यानं तिलाही हसू फुटलं आणि मग ती रडतेय का हसतेय ते तिचं तिलाही कळेना.

उस्तादांनी दाराकडं हात हलवला, तसा रिक्षा निघून गेल्याचा आवाज आला.

"तरीपण, चाचा…" तिनं पदरानं नाक पुसलं. "दुसरं काही गिळलं असलं तर?"

"सकाळपासनं काय खाल्लं त्यानं?"

"भाताची पेज. अर्धी वाटी."

"मग पेज निघेल."

अभिनंदन मात्र पटल्यासारखा दिसत नव्हता. तो गाडीजवळ उकिडवा बसला होता.

"उस्ताद, असं कसं? मी सळई बाहेर काढली होती. धुतली होती. पुसली होती."

"सळई पुसलीस. भोक पुसलंस?"

"भोकात काय पुसायचं?"

उस्ताद त्याच्याकडं बघत राहिले. बराच वेळ… चार दिवसांनंतरचे सव्वीस दिवस मोजत असल्यासारखे.

"तुझ्या बापानं त्यात ग्रीस भरलं होतं. माझ्यासमोर. दोन बोटं भरून. मी म्हटलं, एवढं कशाला, अण्णा? तर म्हणाला, असू दे, कमी पडायला नको. त्यात चिकटून बसलाय छर्रा. पाच वर्षं."

"म्हणजे तो बाहेर आलाच नाही?"

"नाही."

"म्हणजे मी तो बघितलाच नाही?"

"बघितला नाहीस. हरवलास मात्र."

त्रिशलाला हसू आवरेना. तिनं सनूचं डोकं हुंगायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

 अभिनंदनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग त्यानं हळूच परातीतला पाना उचलला.

"काय करतोस?"

"काही नाही. एक झाकण तेवढं उघडतो. अर्ध्या तासाचं काम. छर्रा आहे ना आत, एकदा डोळ्यानं बघतो आणि परत बंद करतो. खात्री नको?"

खाली बसलेल्या त्रिशलानं सनूला जवळ ओढलं. अर्ध्या तासाचं काम म्हणजे काय, ते तिला सहा महिन्यांत चांगलं कळलं होतं. आत्ता जो छर्रा घरातल्या सगळ्यांत सुरक्षित जागी होता, तो अर्ध्या तासात फरशीवर येणार होता.

 तिनं उस्तादांकडं बघितलं.

उस्ताद उठले. गुडघे परत वाजले. त्यांनी अभिनंदनच्या हातातला पाना काढून घेतला. मग वाकून त्रिशलाच्या मांडीवरनं सनूला उचललं आणि पान्याच्या जागी, अभिनंदनच्या त्याच दोन ग्रीसनं काळ्या हातांत, सनूला ठेवलं.

सनूनं बापाच्या नाकाला हात घातला आणि ते जोरानं ओढलं. अभिनंदन पोराला अंगापासून लांब, टाकी धरावी तसा धरून उभा राहिला. पोराच्या पांढऱ्या झबल्यावर पाच बोटं उमटली.

उस्तादांनी पाना स्वतःच्या खिशात घातला आणि ते दाराकडं निघाले.

"उस्ताद, पाना…" अभिनंदन म्हणाला. नाक धरल्यामुळं आवाज गेंगाणा झाला होता. "आणि याला किती वेळ धरू?"

उस्तादांनी डाव्या पायात चप्पल घातली. मग उजव्या.

"खोलावंसं वाटायचं थांबेपर्यंत."