ठकूचा हात

दिवस उगवून दोन घटका झाल्या होत्या, ना पळभर कमी, ना पळभर जास्त. त्याच घटकेला खडकसरच्या विहिरीत नवा दोर सोडला आणि तो पाण्याच्या चार हात वरच लोंबकळत राहिला. फार फार वर्षं झाली, पण ती घटका गावाला अजून पाठ आहे.

दोर वळला होता ठकूनं. ठकू अंबाडीचे दोर वळायची, अंगानं काडी, वय विशी-पंचविशीचं. एकच लेक, सहा वर्षांची रंगू, आणि सगळा जीव तिच्यात. पोर नुसती शिंकली तरी ठकूच्या हातातला पीळ सुटायचा, असं म्हणतात.

जुना दोर तुटला तेव्हा सिदू पैलवानानं विहीर मोजून सांगितलं होतं, "ठकूवहिनी, वीस हात दोर लागंल." ठकूनं वीस हात मोजले, वर वीतभर जास्तच दिला. पण सिदूनं मोजले ते त्याचे हात, ठकूनं मोजले ते तिचे. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, जसा ज्याला देवानं दिला तसा.

पाण्याला आलेल्या बायका हसायला लागल्या. आनशीआत्ती म्हणाली, "ठकू, अगं दोर वळलास का करगोटा?"

ठकू मान खाली घालून उभी राहिली. आईला का हसतात ते बघायला रंगू काठावरून वाकली, आणि गेली.

खाली धप्पकन आवाज झाला. पोर पाण्यावर आली, भिंतीतल्या कपारीला बिलगली. दोर तिच्या डोक्यावर, हात पोचेना. गावातून दुसरा दोर आणायचा तर तोवर पोरीची बोटं टिकणार नव्हती.

ठकूनं अंगावरचं लुगडं फेडायला घेतलं.

"अगं, लाज!" आनशीआत्ती ओरडली.

"लाज परत येईल आत्ती, पोर यायची नाही."

मग मघाशी हसलेल्या त्याच बायकांनी आपापले पदर पसरून तिच्याभोवती आडोसा केला. ठकूनं लुगडं दोराच्या टोकाला बांधून खाली सोडलं.

"रंगे, कमरेला दोन वेढे घे. मग आपली दाव्याची गाठ!"

"वरून का खालून, आई?"

"खालून गं, माझे बाई, खालून!"

घरी आईजवळ बसून रंगू वेढे आणि गाठी खेळत शिकली होती. तोच खेळ कामाला आला. लुगडं तर नऊच वार, पण सोडता सोडता सरेना, असं म्हणतात. विहिरीनं पाणी दोन हात वर उचललं आणि पोरीला तळव्यावर धरलं, असंही म्हणतात. खरंखोटं ती विहीर जाणे. पोर वर आली एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी ठकूनं विहिरीच्या कठड्यावर कोपर टेकलं आणि तिथपासून बोटाच्या टोकापर्यंत छिन्नीनं रेघ मारून घेतली. "लहान असंल, पण आता गावाचा हात ह्योच," ती म्हणाली. सिदू पैलवानानंही मान डोलावली.

तेव्हापासून तिच्या ओसरीवर पोरं जमू लागली. कळशीत किती तांबे मावतात? उंबरा किती विती? आधी अंदाज सांगायचा, मग मोजायचं. कुणी 'दहा' म्हणायचं, भरायचे आठ, आणि सगळी ओसरी हसायची. पण चुकलेल्याला ठकू कधी हसली नाही. म्हातारपणी तिची नजर गेली, तरी वाऱ्यावर हललेल्या दोराचा नुसता आवाज ऐकून तो किती हातांचा ते ती सांगायची, असं म्हणतात.

आजही खडकसरला बेंदराच्या सणाच्या आदल्या दिवशी बैलांचे नवे दोर कठड्यावरच्या त्या रेघेला लावून मोजतात, आणि हाता-हाताला गाठ मारतात ती पोरंच. त्या दिवशी घरोघरी आया पोरांना पाट, चूल, उंबरा मोजायला लावतात. पोर म्हणालं 'पाच विती', की आईनं विचारायचं, "कुणाच्या?" मग दोघांनी हाताला हात लावून बघायचं.

तुमच्याही घरात पोर असेल, तर आज त्याच्या हाताला आपला हात लावून बघा. आणि एवढं करा बायांनो, पाण्याला जाल तेव्हा शेजारणीच्या कानावरही ही गोष्ट घाला.