वाट गिळणारा चौरंग

एका राज्यात, जिथे पाखरे राजसभेत बसून सल्ला देत आणि कोणी त्याचे नवल करीत नसे, धवलकीर्ती नावाचा राजा होता. त्याने एका मायावी गुहेतून चंदनाचा चौरंग लुटून आणला होता. चौरंगावर बसावे, गावाचे नाव घ्यावे, की पापणी लवते न लवते तोच मनुष्य त्या गावी पोचे. राजाने रथ सोडले, घोडे सोडले. सकाळी तो समुद्रतीरी स्नान करी, दुपारी हिमशिखरावर भोजन करी.

पण चौरंगाला शाप होता. राजा हळूहळू विरळ होऊ लागला. बोलता बोलता तो सभेतून नाहीसा होई आणि दूरच्या कुठल्याशा बाजारात क्षणभर दिसे. एके दिवशी त्याला उठताच येईना. त्याच्या देहातून पाठीमागची भिंत दिसू लागली.

राजकन्या मदयंतीने चौरंगाचा मूळ धनी, मायावी कालजंघ, याला बोलावणे धाडले. तो आला, राजाकडे पाहून म्हणाला, "चौरंगाने वाट गिळली. वाटेबरोबर वाटसरूही चालला."

"उपाय सांगावा."

"राजाच्या रक्ताच्या माणसाने आकाशातून, पाण्यावरून आणि पायी प्रवास करावा. परतून, वाट जशी भोगली तशी सांगावी. जेवढे खरे सांगेल, तेवढा राजा परत येईल."

मदयंती त्याच पावली निघाली.

दोन मुखांच्या भारुंड पक्ष्याने तिला पाठीवर घेतले. खाली नद्या रुपेरी दोऱ्यांसारख्या पसरल्या होत्या. आपले राज्य पिंपळपानाच्या आकाराचे आहे, हे तिला त्या दिवशी कळले. आनंदाने ती मोठ्याने हसली. वारा मात्र डोळ्यांत सुयांसारखा टोचत होता, आणि एवढ्या उंचावरून माणूस म्हणून एकही दिसत नव्हता. त्यातून पक्ष्याच्या एका मुखाला पूर्वेस जायचे, दुसऱ्याला पश्चिमेस. त्यांचा वाद मिटेपर्यंत ती एकाच डोंगराभोवती घिरट्या घालत राहिली.

भारुंडाने तिला नदीच्या उगमाशी उतरवले. तिथे एक वल्ह्यांवाचूनची नाव होती. गाणे म्हटले की ती चाले. मदयंती गात निघाली. काठाची झाडे आपण होऊन सामोरी येत, मासे सोबतीने पोहत, आणि पाण्यात सोडलेल्या हाताला नदीची कूस लागे. असे सुख तिने महालातही भोगले नव्हते. पण भोवऱ्यात तिचा घसा सुकला, नाव गरगरली. काठावर एका गावाची जत्रा भरली होती. तिथे उतरावे म्हणून तिने गाणे थांबवले, तरी प्रवाह नावेला पुढेच नेत राहिला.

नदी समुद्राला मिळाली, तिथून घरापर्यंत ती चालली. पायांना फोड आले, काटे रुतले. एका माळावर बसून ती रडलीदेखील. तेव्हा जाखाई नावाच्या कुंभारणीने तिला ताक-भाकर दिली.

"कुणाची गं तू, बाई?"

"धवलकीर्तींची कन्या."

"तो कोण? इकडून कधी गेला नाही बघ."

मदयंतीने मान खाली घातली. ताक फार गोड होते.

राजसभेत येऊन तिने पिंपळपान सांगितले, मासे सांगितले, ताक सांगितले. राजाचे हात पुन्हा भरीव झाले, छाती भरीव झाली. चेहरा मात्र धूसरच राहिला.

"काही राखलेस," कालजंघ म्हणाला.

"पित्याला दुखवणारे आहे."

"तेही वाटेवरचेच."

तेव्हा तिने वारा, भोवरा, फोड सारे सांगितले. मग राजाच्या पायांशी बसून ती हळूच म्हणाली, "महाराज, माळावर आपले नाव कोणाला ठाऊक नाही."

धूसर चेहऱ्यावर आधी डोळे उमटले, मग त्यांत पाणी. शाप फिटला. कालजंघाने आपला चौरंग बगलेत मारला आणि तो चालत निघून गेला.

राजाचे पाय तान्ह्या बाळासारखे मऊ पडले होते. लेकीच्या खांद्यावर भार टाकून तो उभा राहिला. सभागृह ओलांडायला दुपार लागली. वाटेत त्याने थांबून एकेका सरदाराची नावाने विचारपूस केली, एकेका खांबाला हात लावला. दारापाशी पोचल्यावर तो उंबऱ्यावर टेकला, धापा टाकत हसला.

"दमलो," तो म्हणाला, जणू कोणी त्याला काही बहाल केले होते.