मूत्रपिंडाचे जासूद

शरीरातले अवयव एकमेकांशी बोलत होते, तेव्हाची ही गोष्ट. चांद्या नावाच्या म्हाताऱ्या बैलाच्या पोटात एक मूत्रपिंड होतं. त्यानं दुष्काळ पाहिला होता, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत ते भारी धास्तावलेलं असे.

एकदा त्याच्याकडे येणारं रक्त कमी झालं. "पाणी आटलं वाटतं," म्हणत त्यानं मीठ आणि पाणी अडवून धरलं आणि आपले जासूद, म्हणजे संप्रेरकं, सगळीकडे पिटाळले. जासूद नसांना म्हणाले, "आवळून घ्या." हृदयाला म्हणाले, "जोर लाव."

चार दिवस बरं चाललं. मग चांद्याचे पाय सुजले, धाप लागली. मूत्रपिंडानं घाबरून आणखी जासूद धाडले.

शेवटी हृदय म्हणालं, "अरे बाबा, पाणी भरपूर आहे. माझं बळ कमी झालंय, म्हणून पुरेसं रक्त तुझ्यापर्यंत पोचत नाही. तुझं हे साठवलेलं पाणी आवळलेल्या नसांतून मलाच ढकलावं लागतं."

मूत्रपिंड ओशाळलं. "मला वाटलं, तुला मदतच होतेय."

"पहिले चार दिवस झाली."

मूत्रपिंडानं जासूद माघारी बोलावले आणि अडवलेलं पाणी सोडून दिलं. सकाळी चांद्या गोठ्यात बराच वेळ मुतत उभा राहिला. त्याचा धनी येसबा पाठीवर हात फिरवत म्हणाला, "किती दिवसांनी मोकळा झालास, गड्या."