राखेचा नीळकंठ

धामणवेलच्या महादेवाच्या देवळात शिरलं की उजव्या भिंतीवर हलाहल पिणारा शंकर दिसतो. भोवती शेंदरी ज्वाळा आणि मधोमध गळा. तो इतका निळा, की पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नकळत मागे सरले आणि खांबावर आपटले. आमच्या घोळक्याला देऊळ दाखवणाऱ्या भागीरथीकाकू गुरव हसल्या. "घाबरू नका बाई, विष तो प्यायलाय, तुम्ही नाही."

मग त्यांनी सांगितलं, की त्या गळ्यात निळ्या रंगाचा कणही नाही.

फार पूर्वी म्हणे गावच्या विहिरीचं पाणी नासलं आणि पोरं तापानं फणफणली. गावानं महादेवाला नवस बोलला: तू विष पचवलंस, आमच्या पोरांच्या पोटातलंही पचव, शिवरात्रीच्या सूर्यास्ताआधी तुला निळ्या गळ्यानं भिंतीवर उभा करू. हळूहळू पोरं उठून खेळू लागली. उठली नाही ती एकटी जिवी, भिंत रंगवणाऱ्या गोजराची लेक.

नीळ लांबच्या बाजारातून आणलेली, तीही जेमतेम गळ्यापुरती. गोजरानं गळा आणि भोवतीचा जाळ शेवटासाठी राखून ठेवला होता. आणि इथेच गावाच्या भक्तीनं घात केला! देवाच्या गळ्याला लागायची वस्तू आधी देवापुढे ठेवावी, म्हणून शिवरात्रीच्या सकाळी कुणीतरी निळीची पुडी नेऊन पिंडीला टेकवली. वरून अभिषेक चालूच. गोमुखातून निळं पाणी आलं, तेव्हा बायकांनी ते तीर्थ म्हणून डोळ्यांना लावलं, असं सांगतात. पुडीची आठवण झाली तोवर नुसतं ओलं फडकं उरलं होतं.

गोजरा रडली नाही. तिनं धुनीतली राख उचलली, डिंकात कालवली आणि भिंतीपुढे उभी राहिली. "अंगाला हेच फासतोस ना? मग गळ्यालाही हेच घे."

गळा राखाडी झाला. हा नीळकंठ नव्हे, विझलेली चूल आहे, असं शिदोजी पाटलांनी सगळ्यांदेखत हिणवलं. ऊन उतरत चाललं होतं, नवस अडला होता, आणि घरी जिवीच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं.

भोवतीचा जाळ अजून कोराच होता. गोजराजवळचे रंग संपले होते, म्हणून तिनं शेजारच्या मारुतीचा शेंदूर मागून आणला आणि कडेकडेनं भरत गळ्यापाशी आली. शेंदरानं राखेला चहूबाजूंनी वेढलं मात्र, दारातल्या बायकांनी एकदम हात जोडले. गळा निळा दिसत होता!

पाटील तरातरा पुढे आले. "नीळ लपवून ठेवली होतीस होय गं? घरात पोर तशी पडलेली, आणि देवाशी खोटेपणा?"

"बोट लावून बघा, पाटील."

पाटलांनी गळ्यावर बोट घासलं आणि दाराच्या उजेडात धरलं. बोटाला राख होती. वळून पाहिलं, तर गळा निळाच. ते पुन्हा बोट बघत, पुन्हा गळा बघत, आणि शेवटी तेच बोट त्यांनी कपाळाला लावलं म्हणे. दिवेलागणीला जिवीनं पेज मागितली.

आजही शिवरात्रीला धामणवेलच्या घराघरातून चिमूट चिमूट राख येते. गावची एखादी लेक त्या राखेनं गळा भरते, मग मारुतीचा शेंदूर भोवती चढतो. नीळ मात्र त्या दिवशी देवळात कुणी आणत नाही. शेवटी पाटलांच्या घरातलं कुणीतरी गळ्याला बोट लावून ते सगळ्यांना दाखवतं.

काकूंनी मला मूठ पोकळ करून तिच्यातून फक्त गळा बघायला सांगितलं. बघितला, तर चुलीतली राख! मूठ उघडली, आणि सगळं कळलेलं असूनही मी दचकले. गळा पुन्हा निळा झाला होता.